ठकू बाटली घेत नाही

सोमवार, ४ मार्च

घेतली नाही! एक घोटही नाही.

सूनबाई आजपासून कामावर जायला लागली. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. जाताना फ्रीजमध्ये बाटल्या ठेवून गेली — तिचंच दूध, काढून ठेवलेलं. "आई, गरम पाण्यात धरा, उकळू नका हं." पोर चार महिने अंगावर प्यायलेली. रबराचं निपल तोंडात गेलं की जिभेने ढकलते आणि अशी बघते, जणू आजी विष पाजतेय.

शेवटी चमच्याने पाजलं. निम्मं तिच्या पोटात, निम्मं माझ्या मांडीवर. संध्याकाळी सूनबाई चपलांसकट आत धावली, पोर छातीशी धरली. ठकूबाई अशा तुटून पडल्या की बास! मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

मंगळवार, ५ मार्च

चिरंजीवांचा सल्ला — "भूक लागली की घेईल आपोआप." याला काय ठाऊक! हा दीड महिन्याचा असताना मी गणवेशाच्या कारखान्यात परत रुजू झाले. छाती कापडाने करकचून बांधायची आणि मशीनवर बसायचं. दूध आटलं. हा बाटलीला लागला तो लागलाच.

खालच्या मजल्यावरची नर्सबाई येऊन बघून गेली. "आडवी झोपवून पाजू नका, बसती धरा. बाटली फार उभी नको. निपल नुसतं ओठाला लावा, तिने तोंड उघडलं तरच आत. जबरदस्ती नाही करायची." सगळं केलं. ठकूबाईंचा नकार ठाम.

गुरुवार, ७ मार्च

लिहू की नको?

आज रडून रडून पोरीला उचकी लागली. आवाज बसला. सूनबाईला फोन लावला — उचलला नाही, दुकानात गर्दी असणार. पोर माझ्या गाऊनवर तोंड घासत होती, शोधत होती. आणि मी बटणं काढली.

दूध कुठलं! अठ्ठावन्न वर्षांची बाई मी. पण तिने धरलं. डोळे मिटले, उचकी थांबली. मग कडेने हळूच बाटलीचं निपल सरकवलं — आणि प्यायली! बाटली रिकामी!

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि किती बरं वाटलं! दोन्ही एकदम. हे दुसरं कोणाला सांगायचं?

सूनबाईने रिकामी बाटली बघून मला मिठीच मारली. "कसं जमवलंत, आई?"

"गाणं म्हटलं," म्हणाले.

शनिवार, ९ मार्च

चिरंजीवांना सुट्टी. "मी पाजतो. कुठलं गाणं ते सांग." तोंडाला आलं ते सांगितलं. भसाड्या आवाजात त्याने सुरुवात केली आणि ठकूने असा भोंगा पसरला की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली! सूनबाई हसून हसून लोळली. "आईंच्या गळ्यात जादू आहे!"

दुकानातल्या मैत्रिणींनाही सांगितलंय म्हणे.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

बुधवार, १३ मार्च

रोज तेच चाललंय. या पानावर तरी खोटं नको — आज ती रडत नव्हती. बाटली संपवून खेळत पडली होती, पाय झाडत. मीच उचललं तिला. मलाच हवं होतं.

गुरुवार, १४ मार्च

सूनबाई घरी आली तेव्हा छाती भरून दगड झाली होती. बसता येईना तिला. ठकू दोन घोट घेऊन झोपली. का नाही झोपणार? ती यायच्या जरा आधीच मी अंगाशी घेऊन शांत केली होती.

"माझी गरजच उरली नाही हिला," म्हणाली आणि रडली. मी गरम पाण्यात टॉवेल पिळून दिला शेकायला. वाटी आणून दिली दूध काढायला. हात सगळी मदत करत होते, तोंडाला मात्र कुलूप!

शुक्रवार, १५ मार्च

नर्सबाईकडे गेले. "ओळखीतल्या एका बाईचं विचारायचंय —" अशी सुरुवात. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "ती बाई काही अघोरी करत नाहीये. पण बाळाच्या आईला ठाऊक हवं. आणि आई घरी यायच्या वेळी तर मुळीच नको. बाळ नीट प्यायलं नाही तर आईचं दूध कमी होतं."

"सांगते तिला."

"सांगा. लवकर सांगा, काकू."



रविवार, १७ मार्च

सांगायची वेळच आली नाही. सकाळी सूनबाईने ठकूला माझ्याकडे दिलं, तर ठकूने थेट माझ्या बटणांना तोंड लावलं. शोधत नव्हती. ठाऊक असल्यासारखं!

सूनबाई बघतच राहिली. "आई?"

सांगितलं. बुधवारचंही सांगितलं.

"किती दिवस?"

"दहा," मी खिडकीकडे बघत म्हणाले.

"दुसरीकडे बघून बोलू नका," असंही म्हणाली. मग म्हणाली, "मी दुकानाच्या कोठीत, खोक्यांच्या आड उभी राहून दूध काढते. दाराला कडी नाही. पाठ लावून उभी राहते. वाटतं, निदान घरी तिला माझं पोचतंय. आणि तुम्ही — मला एकदा विचारलं असतं तर?"

चिरंजीव मध्ये पडले. "अगं, आजीच आहे ना ती —" त्याला आम्ही दोघींनी एकदमच गप्प केलं.

तिने ठकूला घेतलं. मी तुझं दूध तोडत होते, एवढं तरी म्हणायला हवं होतं. म्हणवलं नाही.

सोमवार, १८ मार्च

पाळणाघर. आजपासूनच.

शिवणाचं तुंबलेलं काम काढलं. एका पँटचा एक पाय आखूड झाला.

मंगळवार, १९ मार्च

पाळणाघरात ठकू बाटली घेते. कालही, आजही. तिथल्या पोरीच्या हातून, न रडता. सूनबाईने भांडी लावता लावता, माझ्याकडे पाठ करून सांगितलं.

"बरं झालं," म्हणाले. बरंच झालं. म्हणजे शेवटी शेवटी माझ्यावाचून काही अडत नव्हतं. रडण्याची सबब गेली. उरले ती मी एकटी, बटणं काढून बसलेली. शी!

शुक्रवार, २२ मार्च

संध्याकाळी ठकू आईच्या अंगावर पोटभर प्यायली, तरी किरकिर थांबेना. सूनबाई तिला घेऊन माझ्या खोलीत आली. "पोट भरलंय तिचं. नुसतं चोखायला हवंय. माझं सगळं हुळहुळतंय, आई." माझ्या मांडीवर ठेवलं. जाता जाता थांबली.

"दार ओढून घेऊ का?"

"नको," म्हणाले. "तूही बस जरा."

बसली.