उंदराच्या मेंदूतली लाट

तीर्थस्वरूप आत्यास,
पाय न हलवता बसलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुझी तब्येत विचारत नाही. विचारलं की "मला काय धाड भरलीय?" हे उत्तर ठरलेलं. माझी विचारशील तर (विचारणार नाहीसच, थेट लग्नाचं काढशील) शरीर ठणठणीत आहे, अब्रू तेवढी गेली.

आमच्या प्रयोगशाळेचं थोर कार्य तू शेजारणींना सांगत असतेसच: माणसाचे हात थरथरायला लावणारा आजार मेंदूत खोल कुठे सुरू होतो, ते जिवंत उंदराच्या मेंदूत डोकावून बघायचं. उंदराच्या कवटीला काचेची इवलीशी खिडकी (तुझ्या स्वयंपाकघराला अजून नाही, त्याला आहे), वर लाखमोलाचा सूक्ष्मदर्शक, आणि सगळं हवेवर तरंगणाऱ्या टेबलावर, कारण केसभर धक्का लागला तरी चित्र हलतं.

मध्यंतरी आम्हाला त्या खोल पेशींत एक लाट दिसली. अगदी तालात! सरांचा आनंद गगनात मावेना. लाट फक्त मी बसलो की यायची, म्हणून "याचा हातगुण!" असं येईल त्या पाहुण्याला सांगत सुटले. तीन आठवडे मी जावयासारखा मिरवलो. लाटेला नाव द्यायचंही घाटत होतं (अर्थात सरांचं). मग एका दुपारी फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, तो गुडघा थांबवा की जरा, टेबल हलतंय." मी थांबवला. लाटही थांबली. हातगुण कसला, पायगुण होता! "पाय हलवू नकोस रे मेल्या" म्हणून तू तीस वर्षं कानीकपाळी ओरडलीस, ते विज्ञानाला आत्ता पटलं. सर माझ्याशी बोलत नाहीत, उंदीरसुद्धा तोंड फिरवतो. तेव्हापासून, म्हणजे गेले पंधरा दिवस, मी खुर्चीवर मांडी घालूनच बसतो. ऑफिसात, घरी, लोकांकडे, सगळीकडे. लोक हसतात, हसू देत.

तुझा,
तोंड लपवून फिरणारा भाचा

ता. क. मंगळवारी सकाळी दहाला तुला न्यायला येतोय. आमच्या वरच्या मजल्यावर मेंदूच्या डॉक्टरीणबाई बसतात, त्यांची वेळ घेतली आहे. चिड, शिव्या दे, पण नाही म्हणू नकोस. मला भीती वाटतेय.

ता. क. (आणखी एक) रविवारी तुझ्याकडे चहा पिताना तुझा कप बशीवर वाजत होता आणि तू माझ्यावरच खेकसलीस, "टेबल हलवू नकोस!" आत्या, मी मांडी घालून बसलो होतो.