नातीचं डोकं आणि विहीणबाईंचे पाय

४ सप्टेंबर, सकाळी ७
आजपासून खारूच्या डोकेदुखीची नोंद मी ठेवणार. खारू म्हणजे माझी नात. वय नऊ. एका जागी बसत नाही म्हणून खारूताई, त्याचं खारू झालं. पंधरा दिवसांत तीनदा शाळेतून डोकं धरून आली. मुलगा म्हणतो मोबाईल. सून म्हणते चष्मा. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, बघू. तीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या, त्यामुळे त्यांच्या नुसत्या ‘बघू’लाही या घरात केवढं वजन. रिटायर झाल्यावर राहायलाही आमच्याच मागच्या गल्लीत आल्या. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.
संकल्प: दुखण्याचं कारण मी शोधणार. विहीणबाईंच्या आधी.

५ सप्टेंबर
लायब्ररीत गेले. रक्तवाहिन्यांवरचं पुस्तक मागितलं. लायब्रेरियन म्हणाले, आजी, मागे ज्वालामुखी नेलेत, मग तारे, आता नसा, परीक्षा आहे का कुठली? मी हो म्हटलं. मी सातवी पास. पण हे गेल्यापासून सहा वर्षांत अडीच कपाटं वाचून झाली आहेत.
चाळीस पानं वाचली. डोक्यातल्या नसांची पानं उभ्यानेच वाचली. ह्यांची तिथलीच फुटली होती.
खारूला पाच वेळा विचारलं, दुखतंय का. नाही म्हणाली. लपवत असावी.

८ सप्टेंबर
सिद्धान्त तयार. नसांचा दोष आईकडून आलेला आहे. पुरावा: विहीणबाईंनी आज दाराशी चपला काढल्या तेव्हा नीट पाहिलं. दोन्ही पोटऱ्यांवर निळ्या नसा, दोरीसारख्या. लगेच वहीत उतरवलं. मुलाने विचारलं काय लिहितेस. म्हटलं, धोब्याचे कपडे.
दुपारी तीन तास पडून होते. माझं डोकं कधी दुखत नाही. उजव्या डोळ्यामागे जरा ठणकत होतं, उजेड नको झाला आणि एक उलटी झाली, इतकंच. ऊन फार आहे. डोक्याला फडकं बांधलं.

१२ सप्टेंबर, सकाळी
ह्यांचं बीपीचं मशीन कपाटातून काढलं. पट्ट्याला अजून ह्यांच्या दंडाची गोलाई आहे. जरा वेळ तसाच हातात धरून बसले. मग खारूच्या दंडाला गुंडाळला, अडीच वेढे बसले. ती म्हणाली, आजी, ही गोधडी आहे. आकडा कमी आला. तीनदा मोजला, तीनदा कमी. शोध लागला. दाब कमी, म्हणून डोकं. मीठ-साखरेचं पाणी दिलं, दोन ग्लास. सुनेला ऑफिसात फोन करून सांगितलं.

१२ सप्टेंबर, संध्याकाळी
खारूने पाणी ओकून टाकलं. विहीणबाई आल्या. पर्समधून एक छोटा पट्टा काढला. असला पट्टा पर्समध्ये कोण ठेवतं? मोजलं, आकडा व्यवस्थित. मग मला म्हणाल्या, ताई, लहान दंडाला लहानच पट्टा लागतो, मोठ्याने आकडा खाली दाखवतो, पुष्कळांचं होतं असं. हे सगळं हळू आवाजात, समजुतीने, सुनेसमोर. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
खारूने त्यांच्यापुढे दुसराही हात केला. हौसेने. नोंद केली.
संकल्प: पट्ट्याला हात लावायचा नाही. फक्त वाचन.

१५ सप्टेंबर
शाळेत परत दुखलं. बाईंनी विचारलं कोणाला फोन करू, तर खारूने विहीणबाईंचा नंबर सांगितला. माझा तिला चौथ्या वर्षापासून पाठ आहे. मला वाईट वाटलेलं नाही. त्यांच्याकडे स्कूटर आहे, प्रश्न स्कूटरचा आहे. त्यांना स्कूटरआजी म्हणते. मला घरची आजी. घरची चप्पल म्हणतात तशी.
रात्री जेवताना आडून विचारलं. म्हणाली, तू सारखी दुखतंय का, दुखतंय का करतेस, मग नसलं तरी दुखायला लागतं. स्कूटरआजी विचारतच नाही.
संकल्प: उद्यापासून विचारायचं नाही.

१६ सप्टेंबर
फक्त चारदा विचारलं. त्यातलं एकदा खुणेने, ते धरायचं नाही.

१९ सप्टेंबर
लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली, २४ तारीख. विहीणबाईंच्या ओळखीने, अर्थातच. आत दोनच मोठी माणसं सोडतात. मुलगा जाणार, आणि सुनेला सुट्टी नाही म्हणून विहीणबाई. मी म्हटलं, जाऊ दे की त्यांना, पण अकरा पानांच्या नोंदी माझ्या आहेत आणि माझं अक्षर माझ्याशिवाय कोणाला लागत नाही. हे खरं आहे. डॉक्टरांचं बोलणं निघालं त्या मंगळवारपासून मुद्दाम वाईट काढते आहे.
विहीणबाई लगेच म्हणाल्या, ताईच जाऊ देत, मी बाहेर बसते. भांडल्याच नाहीत. जिंकल्यासारखं काही वाटेना.

२० सप्टेंबर
परत तेच ऊन. पडदे ओढून पडून होते. दोन उलट्या. डोकं नव्हे.

२४ सप्टेंबर, संध्याकाळी
नोंदी वेगळ्या कागदावर उतरवायला वेळ झाला नाही, म्हणून हीच वही नेली. नको ती पानं दुमडून ठेवली होती.
डॉक्टरीणबाई वयाने लहान. खारूच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, रेघेवरून चालवलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, दाब मोजला. लहान पट्ट्याने. सगळं चांगलं आहे म्हणाल्या. मी नसांचं विचारलं. म्हणाल्या, प्रश्न चांगला आहे. डोकं दुखणाऱ्या मुलांच्या रक्तवाहिन्या थोड्या वेगळ्या असतात का, याचा अभ्यास चालू आहे, पण अजून पक्कं सांगता येत नाही. हिने वेळेवर जेवावं, झोपावं, पाणी प्यावं, खेळावं. नसांनाही तेच चांगलं.
मग मला विचारलं, तुम्हाला नेमकी भीती कसली आहे?
मी सांगितलं. हे गेले त्या दिवशी सकाळी म्हणाले होते डोकं फार दुखतंय. मी म्हटलं चहा घ्या, थांबेल. हे मी मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आजोबांचं ते वेगळं होतं, हिचं ते नाही. दोनदा म्हणाल्या.
पुढे विचारलं, घरात कोणाला अर्धं डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, उलट्या? मी ताबडतोब म्हटलं, हिच्या आईकडे. विहीणबाईंना आत बोलावलं. त्यांचं उभ्या जन्मात डोकं दुखलेलं नाही. हे त्यांनी खाली बघून सांगितलं, जशी काही चूकच.
तोवर डॉक्टरीणबाईंनी दुमडलेली पानं उलगडली होती. वाईट अक्षर त्यांना सहज वाचता येत होतं. पोटऱ्यांच्या ओळीपाशी थांबून एकदा विहीणबाईंच्या पायांकडे पाहिलं. विहीणबाईंनीही वहीत डोकावलं. मग मोठ्याने वाचलं, आठ तारीख, वीस तारीख, डोळ्यामागे ठणका, उलट्या, पडदे. हे कोणाचं? म्हटलं, माझं, पण ते डोकं नव्हे, ऊन आहे. मुलगा म्हणाला, आईला हे मी लहान होतो तेव्हापासून आहे, दुखेल त्या दिवशी बाबा स्वयंपाक करायचे आणि आम्ही चवड्यांवर चालायचो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, थंडीतही ऊन लागतं का?
मी वही ओढून घेतली.
तेव्हा खारूला ते माझ्याकडून आलं आहे. अर्धशिशी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. विहीणबाईंच्या पोटऱ्या धुंडाळत बसले मी.
परतताना त्या एवढंच म्हणाल्या, ताई, हे पाय उभं राहून राहून झालेत हो.

२९ सप्टेंबर, दुपारी
खारूचं शाळेत दुखलं. नंबर परत त्यांचाच दिला. पण स्कूटरवर बसताना म्हणाली, घरच्या आजीच्या खोलीत ने, तिथे अंधार असतो.
माझ्या पलंगावर झोपली. म्हणाली, आजी, तुला माहितेय ना कसं होतं ते? म्हटलं, माहितेय. थांबतं का? म्हटलं, थांबतं, चारपर्यंत थांबेल. हे कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. तिचा हात माझ्या हातात होता. पायाशी विहीणबाई स्टुलावर. त्यांच्याकडे मुद्दाम पाहिलं. त्या पाहत नव्हत्या, घड्याळ बघत होत्या.
पाच मिनिटांनी खारू म्हणाली, तुम्ही दोघी श्वास फार जोरात घेता, बाहेर बसा.
दोघी स्वयंपाकघरात बसलो आहोत. बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. विहीणबाईंनी कुजबुजत विचारलं, तुमचं कुठून सुरू होतं? सांगितलं. आधी काही दिसतं का? सांगितलं. चाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. ह्यांनीही नाही, ते नुसतं फडकं भिजवून आणायचे.
त्या नीट ऐकतात, हे मान्य करावं लागतं. आवडलं नाही मला.