बाबा, ट्रायचा अर्थ सापडला

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. पत्र आज लिहितेय, कारण रविवारी मला अकोल्याच्या प्रमोदला हो की नाही ते सांगायचं आहे, आणि तुम्ही तुमचं मत न सांगताच निघून गेलात. हे काही बरं केलं नाहीत.

आज राजापेठेतल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासमध्ये नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, ट्राय म्हंजे प्रयत्न करणं, तर मंग दुकानात ड्रेस ट्राय करतो त्यात कायचा प्रयत्न हाय?" वर्ग हसला आणि मॅडमने उत्तर उद्यावर ढकललं. घरी येऊन जाडी डिक्शनरी काढली. फ्रेंचांकडून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता निवडणं, चांगलं-वाईट वेगळं करणं. मग तो कोर्टात गेला आणि आरोपीला तपासू लागला. मग पारखणं, चाखून पाहणं. 'करून तर पाहू' हा आपला अर्थ बराच मागून आला.

वाचता वाचता मला डिक्शनरीत तुम्हीच दिसायला लागलात. नवी चप्पल पायात घालून दुकानातून थेट नांदगावच्या स्टँडपर्यंत चालत जाणारे, आणि मागे घाबरलेला दुकानदार. पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळणारे. त्यातले सत्तर उगवले की तुम्ही म्हणायचात, "पेरा बिनधास्त." बियाण्याला सत्तर चालत होते ना बाबा? मग माझ्या स्थळांनाच शंभर का लागत होते?

आणि तो चहा! मुलगा बघायला आला की तुम्ही आईला मुद्दाम बिनसाखरेचा चहा करायला लावायचात. गुपचूप प्यायला तर म्हणायचात, "पोट्टा खोटारडा हाय, तोंड वाकडं झालं तरी बोलला नाही." साखर मागितली तर, "आतापासूनच फर्माइश?" या परीक्षेत पास व्हायची सोयच नव्हती. सहा जण चहा पिऊन गेले. आई वैतागून म्हणायची, "पोरीचं लग्न करून राहिले का हाटेल चालवून राहिले?"

सातवा प्रमोद. अकोल्यात पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. त्याने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि काळजीने विचारलं, "काका, तुमाले शुगर हाय काय?"

तुम्ही चपापलात. कारण खरंच होती, आणि तुम्ही ती आमच्यापासून लपवली होती. तो गेल्यावर बराच वेळ सुपारी कातरत बसलात आणि म्हणालात, "याचं काय करावं, समजून नाही राहिलं मले." निकाल राखून ठेवलात.

त्यानंतर तुम्ही तीन शुक्रवार डोळ्याच्या डॉक्टरकडे म्हणून अकोल्याला गेलात. चष्मा काही आला नाही, उलट घरातला मिक्सर गेला. आई शोधून थकली. आणि चौथ्या शुक्रवारच्या आत तुम्हीच गेलात.

मिक्सर परत आला तुमच्या तेरवीनंतर, प्रमोदच्या पिशवीतून. म्हणाला, "हा काकांनी तीनदा आणला, तिसऱ्या खेपेला माह्याकडेच राहिला. बिघाड काहीच नव्हता, वायर घरूनच सैल करून आणत." तिन्ही वेळा तुम्ही त्याच्याशी भांडलात म्हणे, राग येतो का ते पाहायला. टोपी बदलली, आडनाव बदललं, गाव भातकुली सांगितलं. बाबा, तुमच्यासारख्या मिशा आख्ख्या तालुक्यात कोणाला आहेत?

मी त्याला विचारलं, "मग ओळख का नाही दिली?"

"कावून देऊ? त्यांले मजा येऊन राहिली होती."

आणि तुम्हाला तिन्ही वेळा चहा दिला, बिनसाखरेचा. पहिल्यांदा कुरकुर केलीत, तिसऱ्यांदा गुपचूप प्यायलात. म्हणजे तुमच्याच कायद्याने खोटारडं कोण ठरलं? मी खूप हसले, आणि मग तिथेच, त्याच्यासमोर, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा धाय मोकलून रडले. त्याने आईला पाणी आणायला सांगितलं आणि बसून राहिला.

तुम्ही काय ठरवलं होतंत, ते त्यालाही माहीत नाही. आई म्हणते, बाबांच्या मनात होकारच होता. मावशी म्हणते, होकार असता तर तिसऱ्यांदा कशाला गेले असते? दोघी रोज भांडतात. मीही चार महिने तुमचा निकाल शोधत बसले होते.

आता नाही शोधत. तुमची पारख सात जणांवर चालली, बाबा, पण त्यात एका माणसाला तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मला. विचारलं असतं तर त्याने कप खाली ठेवला त्याच दिवशी सांगितलं असतं.

रविवारी मी त्याला हो म्हणणार आहे. पुढे काही कमी-जास्त झालं तर तुमच्या नावाने खडे फोडणार नाही, हे वचन. त्याच्याआधी तुम्हाला सांगितलं, एवढा मान ठेवलाय.

तुमची,
सुमी