गाळलेले ठिपके

३ जून
आजपासून प्रयोगशाळेत रुजू. रेडिओदुरुस्तीच्या टपरीतून इथवर आलो. शाळेचा दाखला अर्धा, पण कान पूर्ण! पडद्याची बारीक शिट्टी इथे मला एकट्यालाच ऐकू येते. माणूस आहेस की वटवाघूळ, असं साहेबांनी हसून विचारलं. काम असं: दूरचित्राला हवेतली फार रुंद वाट लागते, ती पाव करायची. ओळीमागून ओळ न पाठवता ठिपके उड्या मारत पाठवायचे, तीन गाळून चौथा. बाकीचं बघणाऱ्याचा डोळा भरून काढतो. उड्यांचा क्रम चुकला की चित्रावर मुंग्या धावतात. शेजारच्या टेबलावरचे काका सात वर्षं तो क्रम शोधताहेत. आल्या आल्या त्यांनी आपला अर्धा चहा मला ओतून दिला.

१९ जून
काका जिन्यातच खोकत खाली बसले. दवाखान्यात नेताना क्रमाची वही माझ्या हाती दिली. साहेबांना दे, जमलं म्हणून सांग, तुझ्यावर भरवसा आहे रे बाबा, म्हणाले.

२२ जून
क्रम माझ्या अक्षरात उतरवून दिला. माझा म्हणून. कॅमेऱ्यापुढे नेहमीची रिकामी खुर्ची, आणि चित्र लख्ख! साहेबांनी पाठ थोपटली. ती अजून भाजतेय. बायकोने विचारलं, काका काय म्हणाले? मी जोडे काढत राहिलो.

२६ जून
काका गेले. बाबांची वही कुठे दिसली का, असं त्यांच्या मुलीने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. वही माझ्या खणात आहे.

२८ जून
पडद्यावरची खुर्ची रिकामी नाही. साहेब म्हणतात, डोळे तपासून घे. पण जे ठिपके आम्ही पाठवत नाही, तेवढ्यांतच कुणीतरी बसलंय. शिट्टीत खोकला.

२९ जून
सगळे ठिपके पाठवले की खुर्ची रिकामी. गाळले की काका. रागावलेले नाहीत — तेच सोसवत नाही. नुसता हात पुढे. वही —

१ जुलै
उद्या पाहुण्यांसमोर प्रयोग. खुर्चीत मी, शोध लावणारा म्हणून. काकांची मुलगीही येणार. तिथेच सांगेन. वही देईन. नक्की.

२ जुलै, दुपार
तोंड उघडलं — टाळ्या झाल्या — मी वाकून त्या घेतल्या. मुलीने पडद्याकडे बघत हळूच विचारलं, खुर्चीत दोघं कसे?
माझी बोटं विरळ झालीत. तीन ठिपके गाळून एक. बायकोचा डोळा सवयीने बाकीचं भरून काढतो, तिला कळतही —
साहेबांना कबुली लिहितोय. शेवटचा शब्द दर वेळी गळतो —
साहेब, तो क्रम माझा —
तो क्रम माझा —
तो क्र