लाल ठिपक्याच्या जरा अलीकडे

डोळ्यांच्या दवाखान्यासाठी उपकरणे बनवण्यात उभी हयात घालवलेला आणि आता मागच्या खोलीत खिडकीशी खाट टाकून पडलेला मी म्हातारा हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. या वयात त्या कामाला रक्तदाब पुरेसा आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहेच. तरी खात्री म्हणून आज सकाळी पेटीसमोर बसलो. दिवा नेहमीच्या जागीच थांबला.

पेटीबद्दल आधी सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. लाकडी खोक्यात एक दिवा, त्यापुढे खाचा पाडलेली चकती, ती फिरवणारी मोटर आणि बाहेर एक बटण. चकती हळू फिरली की दिवा लुकलुकतो. बटण फिरवून वेग वाढवत गेले की एका क्षणी लुकलुक विरघळते आणि दिवा शांत दिसू लागतो. तो क्षण ज्याचा त्याचा वेगळा. मोटर घरघरते म्हणून दवाखान्याने ही पहिली पेटी नाकारली, आणि ती आमच्या घरची झाली. ज्याचा दिवा जिथे थांबेल तिथे बटणाभोवती त्याचा रंगीत ठिपका द्यायचा, अशी घरची रीतच पडली.

कलम पहिले. पुढच्या दोन खोल्या चिरंजीवाला, मागची ही खोली कन्येला. बँकेतली ठेव दोघांना सारखी. चिरंजीवाने माझे आजारपण कपाळाला आठी न घालता काढले, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

कलम दुसरे. हत्यारे कन्येला. ती घड्याळे दुरुस्त करते, तिच्या हातात ती शोभतील. शेजारच्या शिंप्याने नेलेली पक्कड त्यालाच देणार होतो; पण साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. तेव्हा त्याने ती परत आणून द्यावी.

कलम तिसरे. लग्न होऊन आली तेव्हा माझी पत्नी म्हणायची, "या ट्यूबखाली बसवत नाही हो, उजेड थरथरतो." माझी आई म्हणाली, "नखरे!" मी सगळ्यांना पेटीसमोर बसवले. सगळ्यांचा दिवा थांबला, हिचा थांबेना. "अजून नाही... अजून नाही." मग मी गुपचूप चकती काढली आणि नुसती मोटर घरघरत ठेवली. ही लगेच म्हणाली, "आत्ता थांबला." मेव्हण्याला बसवले, तर तो चकती नसलेल्या दिव्याकडे बघूनही छाती फुगवून म्हणाला, "मला तर अजून लुकलुकताना दिसतोय!" त्याचा ठिपका पुसून टाकावा. चकती परत लावून वेग पुष्कळ वाढवला तेव्हा कुठे हिचा दिवा थांबला; तिथे हिचा लाल ठिपका आईने स्वतःच्या हाताने दिला, नेलपॉलिशने. नंतर ट्यूबही आईनेच काढायला लावली.

कलम चौथे. कन्येने डोळे आईचे घेतले आहेत. चिरंजीवाचे दिव्यांचे दुकान आहे. त्याने हौसेने घरभर नवे दिवे लावले, तेव्हा ती म्हणाली, "दादा, हे फडफडतायत रे. डोकं फुटतंय माझं."

"कुणाला दिसत नाही ते हिलाच बरं दिसतं! नखरे नुसते."

"राहू दे," म्हणाली आणि गेली. भाड्याच्या खोलीत राहते. दादा दुकानात असताना दुपारी येऊन माझ्याजवळ बसते. म्हणून अट अशी: चिरंजीवाने ते दिवे उतरवावेत आणि बहिणीला पेटीसमोर बसवावे. हवे तर चकती काढून फसवून पाहावे, ती फसायची नाही. तिचा दिवा कुठे थांबतो ते मी पाहिले आहे, पण ठिपका दिलेला नाही. तो तिच्या दादाने द्यावा. मगच घराचा ताबा. मला या दोघांची फार काळजी वाटते.

कलम शेवटचे. हे मरणाआधीचे असल्याने मृत्युपत्रात बसत नाही, असे वकीलबाईंचे मत आहे. तरी लिहितो. हल्ली मला सगळेच थांबलेले दिसते: पंखा, पडद्यावरच्या पानांच्या सावल्या, दुपार. संध्याकाळी मी बटण लाल ठिपक्याच्या जरा अलीकडे ठेवून बसतो. मला दिवा शांत दिसतो; माझी पत्नी आज असती, तर तिला तो अजून लुकलुकताना दिसला असता. दोन लुकलुकींमधल्या त्या इवल्याशा अंधारात ती बसली असेल, असे वाटत राहते. मी तिथवर पोचत नाही.

माझी वेळ जवळ आली की बटण तसेच ठेवावे. दोघांनी दोन बाजूंना बसावे. कन्येने पेटीत बघून मला सांगावे, "बाबा, अजून लुकलुकतोय." आणि चिरंजीवाने, त्याला काही दिसत नसले तरी, "हो" म्हणावे.

लिहून देणार: (सही) पेटीवाले बाबा
साक्षीदार: (सही) डॉक्टरीणबाई
साक्षीदार: (सही) शेजारचा शिंपी. पक्कड आणून दिली आहे.
ठिकाण: मागची खोली, खिडकीशी
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे ती