नौल्याचा तळ

धारकुडी, जि. अल्मोडा
२ जून २०२४

चि. पूरन यास हंसादिदीचे अनेक आशीर्वाद.

काल शनिवारी शाळेच्या नौल्यात काठी घातली, ती कोरडी वर आली. म्हणून हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू हो दिदी, हो दिदी म्हणतोस आणि मागे टीव्ही चालू असतो. कागद पुन्हा वाचता येतो.

काठी खष्टीने घातली. आपल्या धनीराम मिस्त्रीची ही नात आठवीत आहे. दोन वर्षं दर शनिवारी ती दगडी पायऱ्या उतरून नौल्याच्या कुंडात झऱ्याचं पाणी किती बोटं आहे ते मोजते आणि वहीत लिहिते. काल तिने काठी माझ्या दारात आणून उभी केली आणि विचारलं, की आता ही सरपणात टाकू का. उद्धटपणाबद्दल मी तिला ओरडले. ती गेल्यावर काठीला हात लावून पाहिला. टोकाला धूळ होती.

तुला आठवत नसेल, म्हणून लिहिते. मी निवृत्त झाले त्या वर्षी जूनमध्ये या नौल्यात दोन बोटं पाणी उरलं होतं. मुली घरून बाटल्या आणायच्या. वरच्या उतारावर चीडाची झाडं सोडून काही नव्हतं. आठ वर्षं शाळेच्या मुलांनी शनिवारी कुदळी उचलल्या, पाणी मुरायला त्रेचाळीस तळ्या खणल्या, पाणी धरून ठेवणाऱ्या बांजाची रोपं लावली आणि बकऱ्यांपासून राखली. गेल्या जूनमध्ये पाणी अकरा बोटं होतं. या आठ वर्षांत काठी कधी कोरडी आली नाही. या वर्षी आली. आणि गेल्या कार्तिकात तुझ्या माणसांनी नौल्यात सिमेंट घातलं, तेव्हापासून पाणी उतरत होतं. खष्टीच्या वहीत आहे.

मी तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हल्द्वानीला होते. परत आले तर तळाला पांढऱ्या फरशा, भिंतींच्या सांधी भरलेल्या आणि दारावर इजाच्या नावाची संगमरवरी पाटी. पाटीवर आपली आई होती, म्हणून मी गप्प बसले. पण तू मला छपराची दुरुस्ती म्हणाला होतास. तळाला हात लावायला तुला कोणी सांगितलं, एवढंच कळव.

लोभ आहे. रागही आहे. दोन्ही वेगळे ठेवावेस.

तुझी,
हंसादिदी

---

लखनौ
९ जून २०२४

ती. दिदीस पूरनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इथे पंचेचाळीस डिग्री आहे, पत्र त्याहून कडक होतं. विमलाने आधी वाचलं आणि मला म्हणाली, की जेवून घ्या, मग वाचा. तिला तीस वर्षांत तुझी चांगली ओळख झाली आहे.

दिदी, तुला त्रास झाला याचं मला वाईट वाटतं. पण मी चौतीस वर्षं पाणी खात्यात इंजिनिअर होतो. तुझ्या नौल्यात बेडूक होते, कुजका पाला होता, गाळ होता आणि तेच पाणी मुली पीत होत्या. भिंतींतून, तळातून दिवसरात्र गळती. गळती दिसली की आधी तळ बंद करायचा, हे नवीन पोरालाही कळतं. यंदा बर्फ पडलं नाही. पूर्ण कुमाऊंत झरे आटले आहेत, ते सगळे काही मी आटवले नाहीत. लहानपणी साय मांजराने खाल्ली तरी तू माझेच कान धरायचीस.

एक गोष्ट लिहिणार नव्हतो, पण तू विचारलंस. नकाशा मी शाळेत पाठवला होता. इको क्लबचं काम तुझ्याकडे आहे, म्हणून हेडमास्तर रौतेला साहेबांनी तुझी सही घेतल्याशिवाय कुदळ लावू दिली नाही. प्रत सोबत आहे. तळाचा थर मी लाल शाईने दाखवला आहे. त्याच्याच खाली तुझी सही आहे, तारखेसकट.

काफळं संपली का? इथे बाजारात मिळतात ती तीन दिवसांची शिळी असतात. आणि हरेल्याच्या सणाला टोपलीत उगवतेस ती पाती पाकिटात घालायला विसरू नकोस. गेल्या वर्षी कानामागे खोचून दिवसभर हिंडलो. शेजाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याच्या कानात गवत उगवलं.

लहान भावावरचा जीव आटू देऊ नकोस.

तुझा,
पूरन

---

धारकुडी
१६ जून २०२४

चि. पूरन यास आशीर्वाद.

नकाशा मिळाला. सही माझी आहे.

हल्द्वानीला निघायच्या आदल्या दिवशी शाळेचा शिपाई कागद घेऊन दारात उभा होता. काय आहे विचारलं, तर छप्पर म्हणाला. कोपऱ्यात तुझं अक्षर दिसलं आणि मी सही केली. एकतीस वर्षं मी मुलांना प्रश्न न वाचता उत्तर लिहिलं म्हणून बाकावर उभं केलं. मला उभं करणारं आता कोणी नाही, म्हणून स्वतःच लिहून ठेवते. चूक दोघांची आहे. कोणाची किती, यावर मला पत्र पाठवू नकोस.

काल धनीरामकडे गेले. तो म्हणाला, की टाकीत पाणी ओततात, नौल्यात ते आपण होऊन येतं. तू जिला गळती म्हणालास ती गळती नव्हती, पाणी आत यायच्या वाटा होत्या. तळाचे दगड चुन्या-सिमेंटाशिवाय कोरडे रचतात ते त्याचसाठी. पाणी बाहेर जायचं दार लावतोय असं समजून तू आत यायचं दार चिणलंस. त्याने कार्तिकात तुझ्या ठेकेदाराच्या माणसांना हे सांगितलं होतं. त्यांनी त्याला सांगितलं, की बुढ्ढ्या, उन्हात बस आणि बिडी ओढ. मी परत आल्यावर मला का नाही बोललास, असं मी विचारलं. तो हसला. म्हणाला, की जिथे तुमच्या आईचं, पंडिताईनचं नाव लागलं तिथे मी तोंड उघडायचं होय, दिदी?

हे त्याने चेष्टेत म्हटलं, पण मी मान खाली घातली. ते दगड त्याने आणि त्याच्या बापाने रचले होते. काम झालं त्या दिवसापासून त्या पाण्याला हात लावायची त्यांना बंदी होती. इजा वरून लोटीने ओतायची आणि धनीराम खाली ओंजळ धरून प्यायचा. तू सहा वर्षांचा होतास. तो स्वतः का घेत नाही, असं तू विचारलंस आणि तुला थप्पड बसली. मी मोठी होते, मी विचारलंही नाही.

आता मुद्द्याचं. धनीराम म्हणतो, तळ फोडून सांधी लगेच मोकळ्या केल्या तर या पावसात पाणी परत येऊ शकतं. अडलेलं पाणी फार दिवस वाट पाहत नाही, दुसरीकडून जातं. पण ज्याने काम करून दिलं त्याच्या लेखी परवानगीशिवाय रौतेला सर हात लावू देत नाहीत. हरित शाळेच्या पुरस्कारासाठी हरेल्याच्या दिवशी पाहणी आहे आणि त्यांच्या फाइलवर तुझ्या फरशांचा फोटो आहे. पावसाला आठ-दहा दिवस आहेत. मला तुझ्याकडून दोन ओळी हव्यात. नकाशा नको.

माया आहे, ती गृहीत धर. उत्तर मात्र उलट टपाली दे.

हंसादिदी

---

लखनौ
२५ जून २०२४

ती. दिदीस शि. सा. न. वि. वि.

परवानगी सोबत आहे. तारीख १७ जुलैची घातली आहे. रागावण्याआधी पुढचं वाच.

रौतेला साहेबांशी फोनवर बोललो. माणूस गयावया करत होता. सोळाला पाहणी होऊन जाऊ दे, सतराला हवं ते फोडा म्हणाला. नौला इतकी वर्षं उभा आहे, तीन आठवड्यांनी त्याचं काय बिघडतं? तोवर मुलींसाठी दोन प्लास्टिकच्या टाक्या मी पाठवून देतो.

खरं सांगायचं तर कारण तेवढंच नाही. इजा आजारी होती ती दोन वर्षं मी धरणाच्या कामावर होतो. तिची औषधं, कूस बदलणं, शेवटचं पाणी, सगळं तू केलंस. मी तेराव्याला पोचलो आणि लोकांनी मला पुढे बसवलं. तिच्यासाठी म्हणून मी आयुष्यात हे एक काम केलं. बाहेरची चार माणसं एक दिवस तिचं नाव वाचतील, मग पाटी काढ. मला पाहुणा म्हणून बोलावलं आहे, पण गुडघे घाटाला तयार नाहीत.

थप्पड आठवत नाही. ओंजळ आठवते.

नेहमीसारखा सांभाळून घे.

तुझा,
पूरन

---

धारकुडी
२० जुलै २०२४

चि. पूरन यास आशीर्वाद.

हरेला झाला. पाहणी झाली. तळ फोडला. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून लिहिते.

सोळाच्या सकाळी जोरदार पाऊस झाला होता. वरच्या त्रेचाळीस तळ्या काठोकाठ भरल्या होत्या आणि खाली नौला कोरडा. रौतेला सरांनी दोन टँकर मागवून तो भरला. तुझ्या कामाबद्दल एक सांगितलं पाहिजे. पाणी ओतल्यावर एक थेंब गळला नाही.

पाहुणे अकराला आले. नौल्यात डोकावले, फोटो काढले, इजाचं नाव वाचलं. एकाने ते चुकीचं वाचलं. भाषण खष्टीला दिलं होतं, मुलांच्या कष्टाने पाणी कसं वाढलं त्याबद्दल. सरांनी लिहून दिलेला कागद तिने घडी करून ठेवला आणि वही उघडली. कार्तिकापासूनचे शनिवार तिने एकेक करून वाचले. चौदा बोटं, तेरा, अकरा, नऊ. चेहऱ्यावर काही नाही, बाजाराची यादी वाचावी तसा आवाज. शेवटी १ जून, कोरडी. तेव्हापासून आजपर्यंत कोरडी. आज सकाळी दोन टँकर. आणि खाली बसली. मला वाटलं, आता कोणी उठून विचारेल. पूरन, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणी ऐकलंच नव्हतं. पुरस्कार तिथेच जाहीर झाला.

पाहुणे गेल्यावर सरांनी खष्टीला सांगितलं, की उद्यापासून क्लबमध्ये यायचं नाही. मी म्हटलं, मग मीही येणार नाही. त्यांनी मला थांबवलं नाही. हार उरले होते, ते शिपायाकडून मोजून घेत होते.

सतराला धनीराम, खष्टी, गावातल्या चार बायका आणि मी, इतक्यांनी पाणी उपसून फरशा उखडल्या. पहार धनीरामनेच धरली. खालचे दगड तसेच होते, त्याच्या बापाने लावलेले. काही दगड काढून सांधी उकरल्या, तर खष्टीला नुसती माती मिळाली. दगडांमध्ये ओल नव्हती. धनीरामने तळावर हात ठेवला आणि आजाऱ्याचा ताप बघावा तसा बराच वेळ ठेवून बसला. मग उठून उतार उतरू लागला. आम्ही मागून गेलो. ऐंशी हात खाली नवीन हॉटेल झालं आहे. त्याच्या मागच्या भिंतीतल्या भोकातून मनगटाएवढी धार पडत होती. स्वच्छ, थंड पाणी. खष्टीने हात लावला आणि म्हणाली, आजोबा, हे आपलंच. ते तिथून सडकेच्या गटारात जातं. मॅनेजर खुशीत होता. देवाची कृपा म्हणाला, आषाढापासून आपोआप सुरू झालं, गाड्या धुवायला बरं पडतं.

मी धनीरामला विचारलं, की महिनाभर आधी फोडलं असतं तर? तो म्हणाला, ठाऊक नाही. पाणी परतेल का, यावर म्हणाला, की माझ्या हयातीत नाही, हिच्या हयातीत कदाचित. महिन्याचं उत्तर मलाही ठाऊक नाही. तुलाही ते कधी कळणार नाही. मी सही न वाचता केली, तू तारीख पुढची घातलीस. हे दोघांनी आपापल्या घरी सांभाळायचं आहे.

मुली पुन्हा बाटल्या आणतात. तुझ्या टाक्या आल्या, रिकाम्या उभ्या आहेत. त्यांत भरायला पाणी लागतं.

या पत्रानंतर काही दिवस मी लिहिणार नाही. माया मोडली असं समजू नकोस, मला लिहायचं नाही एवढंच. कोणाला काय दिलं त्याची नोंद खाली करते. एक प्रत शाळेत दिली आहे.

रौतेला सरांना : क्लबच्या खोलीची किल्ली. कुदळी अकरा, पैकी दोन दांड्याविना. झाऱ्या सहा. तुझ्या सहीची परवानगी, मूळ. माझ्या सहीचा नकाशा, प्रत. पोच मिळाली.

धनीरामला : नौल्याच्या तळाचे सुटलेले दगड, सत्तावीस. पुन्हा कोरडे रचायचे की नाही ते तो ठरवेल. त्याला लिहिता येत नाही. मी अंगठा घेतला नाही.

खष्टीला : पाण्याच्या वह्या आठ. मोजायची काठी. शनिवारी ती आता हॉटेलच्या भिंतीपाशी जाऊन मोजणार आहे. मी परवानगी दिली नाही, तिने मागितली नाही.

लखनौला, मालवाहू गाडीने : इजाच्या नावाची पाटी, गोणपाटात. एक कोपरा उखडताना गेला.

या पाकिटात : हरेल्याची पाती सात. दर वर्षी टोपलीला नौल्याचं पाणी घालतो, यंदा टँकरचं घातलं. वीतभर व्हायची ती दोन बोटं झाली आहेत. कानामागे राहणार नाहीत. मिळाल्याची पोच द्यावी.

हंसा लोहनी