आईचं मशीन

प्रिय ठमे,

आधी सांग, वेळेवर जेवतेस ना? डॉक्टर झालीस म्हणून तुला कुणी विचारायचं नाही असं थोडंच आहे! परवा फोनवर तुझा आवाज बसलेला वाटला. तू म्हणालीस, काही नाही गं, थंडी आहे. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. तुझे बाबा विचारतात, तुला काय काळजी करायचा पगार मिळतो? मिळतो की! आयुष्यभर भट्टीपुढे बसून दुसरं काय केलं मी?

लहानपणी तू सगळ्यांना सांगायचीस, माझी आई माती भाजते. खोटं नव्हतं ते. धातूंची ऑक्साइडं कुटायची, चाळायची, दाबून चकत्या करायच्या आणि भाजायच्या. फ्युएल सेलमध्ये, म्हणजे माझ्या वीज करणाऱ्या मशीनमध्ये, अशी चकती लालबुंद तापवली, की ती एका बाजूच्या हवेतला ऑक्सिजन ओढून घेते आणि दुसऱ्या बाजूच्या गॅसला देते. त्यातून वीज मिळते. धूर नाही, धडधड नाही. गेल्या हिवाळ्यात तुमचा जुना जनरेटर बंद पडला आणि काचेच्या पेटीतलं ते दिवस न भरलेलं बाळ तू वीज येईपर्यंत छातीशी धरून बसलीस. ते कळलं तेव्हाच मी ठरवलं, माझं पहिलं मशीन तुझ्याच दवाखान्यात जाईल. मग मशीन बांधणाऱ्या कंपनीवाल्यांच्या हात धुऊन मागे लागले. आणि तू? गावभर सांगून मोकळी, आईचं मशीन येतंय म्हणून! बाई गं, जरा दम धरायचा होतास.

लॅबमध्ये चकती महिनोन्महिने झकास चालली. पण आम्ही लॅबवाले अतिशहाणे. चकतीला हवा पुरवायला आम्ही नेहमी चिनी मातीची नळी वापरतो, कारण ती स्वच्छ असते. मशीनमध्ये मात्र पोलादी नळ्या. मला ठाऊक नव्हतं असं नाही. कंपनीनं आतून लेप दिलाय म्हटल्यावर मी निश्चिंत झाले, एवढंच. मशीन खोक्यात भरायच्या आधी, सहज म्हणून, मी एक चकती त्यांच्याच पोलादी नळीवर चालवून बघितली. सुरुवातीला छान चालली. मग व्होल्टेज उतरायला लागलं. रोज थोडं थोडं. तापलेल्या पोलादातून क्रोमियमची वाफ निघते आणि माझ्या ऑक्साइडवर जाऊन बसते, त्याला हवाच घेता येत नाही. लेप कुठेतरी कच्चा आहे. कंपनीचा इंजिनियर म्हणतो, मॅडम, राईचा पर्वत करताय, हा हिवाळा आरामात निघेल. निघेलही गं. पण त्या ‘निघेलही’च्या भरवशावर एखादं बाळ पेटीत ठेवायचं? अर्ध्या जेवणातून उठून कॉम्प्युटरवर व्होल्टेजचा आकडा बघायला जाते, आणि तो कालच्यापेक्षा कमीच असतो. बाबा आता माझं ताट झाकून ठेवतात.

हे फोनवर का नाही सांगितलं, विचारशील. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आई, पाठव तर खरं, पुढचं पुढे बघू. आणि मी पाठवलं असतं. तुझ्यापुढे माझं काही चालत नाही. शिवाय माझ्या हातचं काम तुझ्या दारात चालताना बघायची मला इतकी हाव आहे, की माझाच मला भरवसा वाटेना. म्हणून हे पत्र ट्रकवाल्याच्या हाती देतेय. तू हे वाचत असशील तेव्हा त्याच्या ट्रकभोवती सगळे जमलेले असतील. ताडपत्री सोडायच्या आधी त्यांना तूच सांग. आत आईचं मशीन नाही. नवा डिझेल जनरेटर आहे. धूर ओकेल, कान किटवेल, पण हिवाळा काढेल. माझ्यावर चिडायचं तेवढं चीड, पण आधी तो चालू करून घे.

तुझीच,
आई